कोयलीच्या फाट्यावरची पाटी

ज्या गावात आपण राहतो त्या गावाची पाटी आपल्याला कधी दिसत नाही. पायांना रस्ता पाठ झालेला असतो. वळणापाशी आलो तरी मन दुसरीकडेच असते. पाटी दिसते ती परक्याला. आम्ही कोयलीस राहावयास आलो त्यास आता तीन तपे होत आली. गोरव्याकडून उंडेऱ्यावरून घरी येताना फाट्यावरची पाटी आम्ही किती वेळा ओलांडली असेल याची गणती नाही. तरीही ती कोणत्या रंगाची आहे, तिच्यावर किती गावांची नावे आहेत, बाण नावाच्या अलीकडे आहे की पलीकडे, असे २००९ सालापूर्वी कोणी विचारले असते तर आम्हांला सांगता आले नसते. ती पाटी आम्ही प्रथम पाहिली ती घरातल्या एका मृत्यूनंतर.

आमचे मूळ घर दांडिया बजारातले. पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर गुजराथेत आले, दप्तरात कारकुनी करू लागले आणि येथलेच झाले, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरांत थोड्याफार फरकाने सांगितली जाते. आमच्या घरातून वाड्याबाहेर पहिले पाऊल टाकले ते वडिलांनी. सोव्हिएत साहाय्याने कोयलीस तेलशुद्धीकरणाचा कारखाना उभा राहत होता. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याची कोनशिला बसली, १९६५ च्या ऑक्टोबरात पहिला विभाग सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी तो राष्ट्राला अर्पण केला. वडील तेथे नोकरीस लागले. त्या दिवसांतली एक आठवण ते फार रंगवून सांगत. छाणीच्या नाक्यावर दोन रशियन इंजिनीअर उन्हात उभे होते. कोणीतरी गुजराती लिपीत 'कोयली' असे लिहून दिलेला कागद त्यांच्या हातात होता आणि तो त्यांनी उलटा धरला होता. ना त्यांना आपली भाषा येत होती, ना नाक्यावरच्या कोणास त्यांची. वडिलांनी कागद सरळ केला, स्वतःकडे बोट दाखवले, मग रस्त्याकडे दाखवले आणि त्यांना बरोबर घेऊन गेले. "त्या दिवशी मीच पाटी झालो होतो," असे म्हणून ते मनापासून हसत.

पुढे निवृत्तीच्या सुमारास वडिलांनी कोयलीजवळ लहानसे घर बांधले. वाडा भावकीत वाटला गेला आणि आम्ही इकडे आलो. बरोबर धाकटे काका आले. ते अविवाहित होते, पेटी वाजवीत, आणि दर गुरुवारी न चुकता शहरात भजनास जात.

२००९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेबाराच्या सुमारास काकांच्या छातीत कळ आली. आम्ही रुग्णवाहिका बोलावली. चालक दुसऱ्या जिल्ह्यातून नुकताच आलेला. त्याने दूरध्वनीवर रस्ता विचारला. आम्ही घाईने सांगितले, "फाट्यावर पाटी आहे, बाणाप्रमाणे सरळ या." आमचे हे वाक्य आजही आम्हांला झोपेतून उठवते. चालकाने सांगितले तसेच केले. फाट्यावर पाटी होती, बाणही होता. फक्त तो बाण ज्या दिशेला दाखवीत होता तिकडे कोयली नव्हती. गाडी त्या रस्त्याने गेली आणि एका बंद रेल्वेफाटकापाशी जाऊन थांबली. फाटक उघडेना, मागे वळावयास जागा मिळेना. ती दारात आली तेव्हा पंचवीस मिनिटे अधिक गेली होती. काका रुग्णालयाच्या वाटेवरच गेले. त्या पंचवीस मिनिटांनी काही फरक पडला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. आम्हीही तो प्रश्न पुन्हा कोणास विचारला नाही. पण त्या चालकाचा चेहरा आठवतो. "पाटीप्रमाणेच आलो हो, साहेब," असे तो पुनःपुन्हा म्हणत होता. त्याची काहीच चूक नव्हती. त्याने पाटीवर विश्वास ठेवला, आणि तो ठेवावयास आम्हीच सांगितले होते.

तेरावा झाल्यावर आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती त्या फाट्यावर गेलो. पाटी म्हणजे एका लोखंडी खांबावर बसवलेला पांढरा पत्रा होता. त्यावर काळी अक्षरे. तिची अर्धी बाजू वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या कापडी फलकाने झाकली होती. फलकाची एक दोरी पत्र्याच्या वरच्या कोपऱ्याला बांधलेली आणि दुसरी पलीकडच्या निंबाला. खांब कधीतरी एखाद्या टँकरच्या धक्क्याने हलला असावा, कारण पत्र्याच्या दोन बोल्टांपैकी एकच उरला होता. वारा आला की कापड शिडासारखे फुगे, दोरी ताणली जाई आणि पत्रा त्या एका बोल्टाभोवती थोडा थोडा फिरे. असा फिरत फिरत तो तिरपा झाला होता, आणि त्यावरचा बाण भलत्याच रस्त्याकडे वळला होता. हे कोणी मुद्दाम केले नव्हते. कोणा दुष्टाने पाटी फिरवली असती तर निदान राग धरावयास माणूस मिळाला असता. येथे तेवढेही नव्हते. ज्याचा वाढदिवस होता त्याला पाटी ठाऊक नव्हती, ज्याने दोरी बांधली त्याला बोल्ट ठाऊक नव्हता, आणि आम्ही, जे रोज त्या खांबाखालून जात होतो, त्या आम्हांला यातले काहीच ठाऊक नव्हते.

घरी परतताना सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आपण तरी कधी वर पाहिले?" त्या प्रश्नाने एक जुनी गोष्ट वर आली.

साल १९७८ असावे. आमच्या गणेशोत्सव मंडळाचे नाटक होते. खळीचा डबा आणि कुंचा घेऊन आम्ही चारपाच पोरे रात्री दांडिया बजारापासून रावपुऱ्यापर्यंत पत्रके चिकटवीत निघालो. भिंती संपल्या तसे खांब धरले, खांब संपले तसे रस्त्याच्या नावांचे पत्रे. डोळ्यांच्या उंचीला आलेली सपाट, गुळगुळीत जागा. पत्रक कसे छान बसे! दुसऱ्या दिवशी एका पत्र्यापाशी एक वृद्ध रंगारी शिडीवर चढून आमचे पत्रक पाण्याने भिजवून नखांनी सोडवीत होता. अक्षरे त्यानेच रंगवलेली असावीत. आम्हांला उभे पाहून तो चिडला नाही. खाली न बघताच म्हणाला, "भाई, जे रस्तो जाणे छे एना माटे आ पाटियुं नथी, जे नथी जाणतो एना माटे छे." आम्ही हसलो आणि निघून गेलो. नाटक चांगले झाले. ते वाक्य मात्र एकतीस वर्षे कोठेतरी पडून राहिले आणि कोयलीच्या फाट्यावर आमच्यापुढे येऊन उभे ठाकले.

त्यानंतर आम्हांला पाट्या दिसू लागल्या, आणि एकदा दिसू लागल्या की त्यांची दैना बघवत नाही. कोठे गुटख्याची पिंक, कोठे शिकवणीवर्गाची जाहिरात, कोठे खिळ्याने कोरलेली प्रेमिकांची आद्याक्षरे. कोठे पोरांनी नेम धरून मारलेल्या दगडांचे पोचे, कोठे नुसताच खांब, कारण पत्रा भंगारात गेलेला. काही पाट्या तर झाडांनीच गिळल्या आहेत. वडाची एक पारंबी आणि तीन पावसाळे पुरतात. ऊनही कोणाचे काही ठेवीत नाही. वेगमर्यादेच्या पाटीचे लाल कडे आधी फिके पडते, मग गुलाबी होते. काळा आकडा तेवढा तग धरून राहतो आणि तो आज्ञा आहे की कसला क्रमांक, हेच कळेनासे होते. शिवाय नासधूस न दिसणारीही असते. आजच्या पाट्यांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म काचमण्यांचा किंवा बारीक लोलकांचा थर असतो. दिव्याचा प्रकाश तो आल्या वाटेने परत पाठवतो, म्हणून अंधारात पाटी जणू स्वतःच उजळते. त्यावर धूळ आणि धुराचा तेलकट थर बसला की दिवसा पाटी ठीक दिसते आणि रात्री मुकी होते. ज्याला तिची खरी गरज, तो तर बहुधा रात्रीच येतो.

मग आम्ही विचारपूस सुरू केली. पाटी कोणाची? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एकाच रस्त्यावर ग्रामपंचायतीची हद्द, बांधकाम खात्याची हद्द, कारखान्याची हद्द आणि महानगरपालिकेची हद्द एकामागून एक लागतात, आणि शहराची हद्द तर सरकत असते. २०२० मध्ये आमच्या वाटेवरचे उंडेरे शहरात गेले. एका कार्यालयातून आम्हांला दुसरीकडे पाठवले, तेथून तिसरीकडे, आणि तिसऱ्याने अत्यंत नम्रपणे पहिल्याचे नाव सांगितले. कार्यालयाच्या जिन्यातही बाणांच्या पाट्या होत्या. त्या मात्र स्वच्छ होत्या. कायदा याबाबत गोंधळलेला नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ११६ सांगते की वाहतुकीची पाटी जाणूनबुजून काढू, बदलू वा विद्रूप करू नये. आणि अपघाताने तिचे नुकसान झालेच, तर ते शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांत, पोलिसांना कळवावे. या दुसऱ्या भागात मोठे शहाणपण आहे. धक्का लागणारच, हे कायद्याने गृहीत धरले आहे. लागल्यावर गप्प राहू नका, एवढेच तो मागतो. आमच्या खांबाला धक्का देणाऱ्याने तेवढे केले असते तर!

आता आपल्या मंडळींविषयी थोडे, कारण हा लेख आपण आपल्यातच वाचणार आहोत. पाटीवरच्या नावाविषयी आपण फार हळवे आहोत. १९७४ मध्ये शहराचे अधिकृत नाव वडोदरा झाले, तरी आपल्या पत्रिकांवर आणि निमंत्रणांवर आजही बडोदेच असते, आणि ते असावेच. शब्दांची ही आस्था आपल्याला वारशाने आली आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' प्रसिद्ध करविला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा हा ग्रंथ. मराठी राजाने गुजराती प्रजेशी कोणत्या शब्दांत बोलावे, याचा एवढा खटाटोप. समोरच्याला कळावे, हाच त्यामागचा हेतू होता. पण वारसा घेताना आपण शब्द उचलला आणि हेतू मागे ठेवला की काय, अशी शंका येते. एखाद्या पाटीवर रावपुऱ्याचे शुद्धलेखन चुकले तर मंडळाच्या बैठकीत अर्धा तास चर्चा होते. तीच पाटी धुळीने वाचेनाशी झाली तर कोणी ब्र काढत नाही.

नावासाठी माणसे काय सोसतात, हे आपण बेळगावकडे पाहिले. जुलै २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून येळ्ळूरची 'महाराष्ट्र राज्य' ही पाटी प्रशासनाने हटविली. गावकऱ्यांनी ती पुन्हा उभी केली. ती पुन्हा पाडली गेली आणि गावाने लाठीमार सोसला. त्या वादाचा न्यायनिवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण त्या बातम्या वाचताना आमचे डोळे भरून आले होते, आणि त्याच आठवड्यात कोयलीच्या पाटीवर नवा शुभेच्छाफलक चढला होता. दूरच्या पाटीसाठी डोळे भरून येतात, आणि दारातल्या पाटीसाठी फडके हाती घेववत नाही. हा विरोध आमचा आम्हांलाच बोचला.

इतिहासात पाट्या मुद्दाम नाहीशा केल्याचे प्रसंगही आहेत. १९४० मध्ये जर्मन सैन्य उतरेल या भीतीने ब्रिटनने रस्त्यांवरचे दिशादर्शक खांब उपटले आणि स्थानकांची नावे काढून टाकली. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले, तेव्हा प्रागच्या नागरिकांनी रातोरात रस्त्यांच्या पाट्या काढल्या किंवा रंगवून टाकल्या. मॉस्कोकडे परत जाण्याचा रस्ता दाखवणाऱ्या तेवढ्या ठेवल्या, असे सांगतात. दोन्हीकडे हेतू एकच: येणारा शत्रू आहे, त्याला रस्ता सापडू नये. हे वाचले तेव्हा आम्हांला छाणी नाक्यावरचे ते दोन रशियन आठवले. त्याच देशातून आलेले, त्याच दशकात. पण येथे ते पाहुणे होते, म्हणून एका माणसाने त्यांचा कागद सरळ केला. पाटी ठेवणे वा पुसणे म्हणजे येणाऱ्याला आपण काय समजतो याचे उत्तर आहे. युद्धात लोक जे शत्रूसाठी करतात, ते आपण भर शांततेत, केवळ आळसाने, पाहुण्यासाठी, ओझेवाल्यासाठी, रुग्णवाहिकेसाठी करीत राहतो. आणि आपण कोण? आपले पूर्वजही या मुलखात परकेच होते. त्यांनाही कोणीतरी वाट दाखवली असेलच.

तेव्हापासून आम्ही एक नेम धरला आहे. खंडेनवमीला घरातली हत्यारे आणि अवजारे पुसून पुजायची, ही आपली रीत. त्याच सकाळी आम्ही शिडी, बादली आणि पाना घेऊन फाट्यावर जातो. शेजारचे गुजराती भाई शिडी धरतात, सौभाग्यवती साबणाचे पाणी करतात. पहिल्या वर्षी आम्ही तारेच्या घासणीने पत्रा घासला आणि चकाकीचा थर ओरखडून टाकला. पाटी स्वच्छ झाली, पण रात्री आणखीच मंद दिसू लागली. अज्ञानाने केलेली सेवाही नासधूसच असते, हा धडा तेव्हा मिळाला. आता मऊ फडके, साधे साबणाचे पाणी, वरून खाली हलका हात. डिंकाचा डाग राहिला तर तो भिजवून धीराने सोडवायचा. हे आमचे काम नव्हे, हे आम्ही जाणतो. म्हणून धुण्यापलीकडे आम्ही पाटीला हात लावीत नाही. बोल्टाची पकड पाहतो, आणि काही हलले असेल तर लेखी अर्ज करतो. पत्रा सरळ होऊन दुसरा बोल्ट बसावयास पाच अर्ज आणि अकरा महिने लागले. एका वर्षी कारखान्यातला एक बिहारी कंत्राटी कामगार थांबला, आम्ही काय करतो ते पाहिले आणि न बोलता बादली उचलून भरून आणली. या गावात पहिल्या दिवशी आपण हीच पाटी वाचत उतरलो होतो, असे त्याने जाताना सांगितले.

शुभेच्छाफलक अजूनही चढतात. आम्ही ते फाडीत नाही. बांधणाऱ्या मुलांना गाठून विनंती करतो की चार हात पलीकडे बांधा. काही ऐकतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले, तेव्हा आम्ही आपल्याच उत्साही तरुणांना तीच विनंती केली होती. तरीही एका वाहतूकपाटीवर स्वागताचे कापड चढलेच. ते पाहून राग येण्याऐवजी खळीचा डबा आठवला, आणि आम्ही मुकाट्याने ते सोडवले.

११ नोव्हेंबर २०२४ च्या दुपारी कोयलीच्या शुद्धीकरण कारखान्यात बेन्झीनच्या टाकीला आग लागली. स्फोटाने घराच्या काचा थरथरल्या. आकाशात काळा स्तंभ उभा राहिला. त्या आगीत दोन माणसे गेली. ती कोणाची तरी घरची माणसे होती, याहून अधिक येथे लिहिणे बरे नव्हे. आम्ही फाट्याच्या बाजूला येऊन उभे होतो. बंब आणि रुग्णवाहिका एकामागून एक जात होत्या. त्या दिवशी धूरच एवढा होता की दिशा विचारावयास पाटीची गरज नव्हती, हे खरे. तरी आमचे लक्ष पुनःपुन्हा वर जात होते. रोज येथून जाणाऱ्या टँकरांच्या पाठीवर आत काय आहे ते सांगणारी पाटी असते: १२०३ म्हणजे पेट्रोल, १११४ म्हणजे बेन्झीन. तो आकडा जगात कोठेही तसाच वाचला जातो, आणि तो पुसट असेल तर आग विझवायला आलेला माणूस पाणी मारावे की फेस, याच विचारात अडतो. धोक्याच्या शेजारी राहणाऱ्या गावाला अक्षरे स्वच्छ ठेवण्याचे कारण कोणी निराळे सांगावे लागू नये.

काही दिवसांपूर्वीची गोष्ट. रात्री जेवणानंतर शतपावलीस आम्ही फाट्यापर्यंत गेलो होतो. एक मालमोटार आली. गाडीवरची लिपी दक्षिणेकडची होती. चालकाने वेग कमी केला, दिवे वर घेतले. पाटी उजळली. क्षणभर त्याने वर पाहिले आणि योग्य रस्त्याला वळून निघून गेला. आम्ही तेथेच उभे होतो; त्याने आम्हांला काही विचारले नाही. विचारण्याचे त्याला कारणच पडले नाही.